दुसरा चान्स

दादू अडीच वर्षांचा होऊन पण बोलत नव्हता, तेव्हापासून लोक आम्हाला दुसऱ्या चान्सचं विचारतायत. म्हणजे पोरगं बोलत नाही, यावर उपाय काय तर दुसरं होऊ द्या. शेजारच्या काकी म्हणायच्या पाठीवर भावंड आलं की बघून बघून बोलायला लागतं. आत्या (म्हणजे सासूबाई, आमच्या भागात सासूला बऱ्याच जणी आत्याच म्हणतात) म्हणायच्या ह्याचा बाप पण उशिराच बोललेला आणि आज बघा पन्नास पोरं सांभाळतोय. आमचे हे झेडपीच्या शाळेत मास्तर आहेत, सांगली जिल्ह्यात. तर सगळ्यांचं म्हणणं एकच, वेळ घालवू नका.

दादू आता नऊचा आहे. लांबट चेहरा, कान मोठे, अनोळखी माणूस समोर आलं की मान वळवून भिंतीकडं बघणार, खूश झाला की दोन्ही हात फडफडवणार आणि चिडला की स्वतःचाच हात चावणार, उजव्या हाताला अंगठ्याच्या मागं घट्टा पडलाय त्याच्यानं. एसटीत कंडक्टरचं तिकिटाचं मशीन त्याला जगातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते, त्याचा आवाज तो हुबेहूब काढतो. शब्द थोडे आहेत पण कामाचे आहेत. पाणी, नको, चल, आणि "झालं का" हे पूर्ण वाक्य, ते माझंच ऐकून शिकलाय.

पहिली काही वर्षं नुसती पळापळ. कान तपासून झाले, थायरॉईड, ईईजी, एमआरआय झाला, एकानं ऑटिझम सांगितलं, दुसरा म्हणला नुसता चंचल आहे, मोबाईल बंद करा. मग सिव्हिलला आयक्यू टेस्ट झाली आणि यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं कार्ड आलं, मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता, ७५ टक्के. ते कार्ड आल्यावर ह्यांच्या शाळेतले एक सर म्हणाले, बरं झालं सर, आता तुम्ही बदलीत संवर्ग एकमध्ये. कारण मतिमंद मुलांचे पालक बदलीच्या विशेष संवर्ग भाग एकमध्ये येतात ना, त्यांना बदलीत सवलत असते. माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच चांगलं वाटलं आमच्यासाठी, पण हे त्या रात्री जेवले नाहीत.

ह्या सगळ्यात "हे कशामुळं झालं" असं कुणीच विचारलं नाही. आम्ही पण नाही. कॅरिओटाईप म्हणून क्रोमोसोमची टेस्ट असते ती केली, ती नॉर्मल आली, आणि तो रिपोर्ट बघून एका मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं की तुमच्यात काही दोष नाही, बिनधास्त दुसरा चान्स घ्या. मी त्या दिवशी घरी येऊन गोड केलं. नंतर थेरपीच्या बाई म्हणाल्या एक्झोम करून घ्या, ती जीन वाचायची महागातली टेस्ट, त्यासाठी पतपेढीतून कर्ज काढलं, तिच्यात पण काही सापडलं नाही. म्हणजे आता दोन दोन नॉर्मल रिपोर्ट. घरात चर्चा सुरू झाली की श्रावण झाला की बघू.

त्याच थेरपीच्या बाईंनी पुण्यातल्या एका जेनेटिक काउन्सेलर मॅडमकडं पाठवलं, फक्त एक्झोमचा रिपोर्ट समजावून घ्यायला म्हणून. मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि कोरा कागद घेऊन वंशावळ काढायला बसल्या. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. ह्यांच्याकडचं पटकन झालं. मग माझ्या माहेरचं. कुणाला उशिरा बोलणारं मूल, कुणाचं शिक्षण सुटलेलं, कुणाला मूलच झालं नाही असं, सगळं. मग त्यांनी विचारलं, म्हातारपणी कुणाचे हात थरथरतात का, चालताना तोल जातो का. मी म्हणलं माझ्या वडलांचे, अण्णांचे, चहाची कपबशी नीट धरता येत नाही, वाजते नुसती, म्हणून आई त्यांना पेल्यात चहा देते. पण ते पार्किन्सन आहे, गोळ्या चालू आहेत. मॅडमनी अण्णांच्या चौकोनात एक खूण केली आणि मला विचारलं, तुमची पाळी नियमित आहे का. मला कळेचना, पोराच्या रिपोर्टात माझी पाळी कुठनं आली. माझी पाळी वर्षभर मागंपुढं होत होती, कधी दोन दोन महिने नाही, मी एकतीसची होते आणि मला वाटायचं दगदगीनं होतंय.

थरथरणारे अण्णा, माझी पाळी आणि दादू, ह्या तीन गोष्टी एकाच दोरीत ओवलेल्या आहेत असं त्यांना तिथंच वाटलं होतं. रक्त घेतलं, दादूचं आणि माझं. रिपोर्ट आला, फ्रॅजाईल एक्स.

आता हे थोडं सांगते, कारण आम्हाला कुणी सांगितलं असतं तर एक्झोमचे पैसे वाचले असते. एक्स क्रोमोसोमवर एफएमआर-१ नावाचा जीन असतो, १९९१ साली सापडलेला. त्यात सीजीजी अशी तीन अक्षरं परत परत येतात. ४४ पर्यंत नॉर्मल. ५५ ते २०० म्हणजे प्रीम्युटेशन, माणूस बुद्धीनं ठणठणीत पण कॅरिअर, फक्त पुढं अण्णांसारखी थरथर किंवा माझ्यासारखी पाळीची गडबड होऊ शकते. २०० च्या वर गेलं की जीन बंदच पडतो, मेंदूला लागणारं एक प्रोटीन तयार होत नाही, ते फुल म्युटेशन. दादू २०० च्या वर. मी ९४. बौद्धिक अक्षमतेच्या आनुवंशिक कारणांत हे सगळ्यात जास्त सापडणाऱ्यांतलं एक, तरी साध्या कॅरिओटाईपमध्ये हे दिसत नाही आणि नेहमीच्या एक्झोममध्ये पण ही लांबलेली अक्षरं पकडली जात नाहीत, त्याची वेगळी टेस्ट असते, थोड्याशा रक्तात होते. आमचे दोन्ही नॉर्मल रिपोर्ट खरेच होते, फक्त त्यांनी जे बघितलं त्यात हे नव्हतंच. आणि त्या जोरावर आम्हाला "बिनधास्त" सांगितलेलं.

दुसऱ्या चान्सचं गणित मॅडमनी त्याच कागदाच्या मागं मांडलं. माझ्याकडं दोन एक्स, एक चांगला, एक ९४ वाला. बाळाला कुठला जाईल ते निम्मं निम्मं. आणि ९४ वाला गेला तर तो आईकडनं बाळाकडं जाताना वाढतो, माझ्या आकड्याला तर जवळजवळ नक्कीच २०० पार जातो. मुलगा असेल तर दादूसारखाच. मुलगी असेल तर तिच्याकडं दुसरा चांगला एक्स असतो म्हणून निम्म्या मुलींना बुद्धीचा त्रास होतो, काहींना थोडासा, काहींना नाहीच. म्हणजे दर वेळी नाणं उडवल्यासारखं. आधी एकदा पडलंय म्हणून पुढच्या वेळी सूट नाही.

घरी सांगायचं काम ह्यांनी केलं. मी आत भाकरी थापत होते आणि बाहेर नुसती शांतता. मग आत्यांचा आवाज आला, म्हणजे तिच्याकडनं आलंय. हे म्हणाले, आई, तिच्याकडनं आलं तसं तिच्या वडलांकडनं तिच्याकडं आलं, त्यांनी कुठं मागून घेतलं होतं. आत्या त्यावर काही बोलल्या नाहीत पण पुढचे काही महिने माझ्याशी मोजकंच बोलायच्या, आणि एका नातेवाईक बाईनं तर मला तोंडावर सांगितलं की आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं. हे ऐकायचं होतंच, मी तयारीत होते. तयारीत नव्हते ते माहेरच्या बाबतीत. कारण अण्णांकडं एकच एक्स, तो त्यांच्या प्रत्येक मुलीला जाणारच, फुल म्युटेशनपर्यंत वाढत नाही, आकडा थोडा मागंपुढं होतो, पण जातो. म्हणजे माझी धाकटी बहीण पण कॅरिअर, टेस्ट न करताच. तिचं लग्न होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं. आई म्हणाली तिच्या सासरी कळता कामा नये, तिचा संसार आत्ता कुठं सुरू झालाय. मी म्हणलं मग तिचं पण पोर झाल्यावर सांगायचं का? आठवडाभर आई माझा फोन उचलत नव्हती. शेवटी मी बहिणीला सांगितलं, एकटीला, बाजारात भेटून. अण्णांना मात्र ह्यातलं काहीच सांगितलं नाही, न्यूरॉलॉजिस्टनं गोळ्या बदलल्या एवढंच त्यांना माहितीय.

मग आम्ही दोघं पर्याय घेऊन बसलो, आणि हा काळ सगळ्यात वाईट गेला, रिपोर्टपेक्षा पण. आयव्हीएफ करून बाळ पोटात सोडायच्या आधीच तपासतात तसं करता येतं, पण माझी एएमएच टेस्ट केली तर स्त्रीबीजांचा साठा फारच कमी आला. ह्या प्रीम्युटेशनवाल्या पाच बायकांतल्या एकीची पाळी चाळिशीच्या आत जाते म्हणे, मी त्याच रांगेत. बीजं कमी, त्यात निम्मी बाद, खर्च लाखांत, आणि ते पण एका प्रयत्नाचा. डोनरचं बीज हा विषय मी घरात काढलाच नाही, आत्यांचं सोडा, मलाच तो पटला नव्हता.

राहिला नेहमीचा मार्ग. दिवस राहू द्यायचे, अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा तुकडा काढून तपासायचा, सीव्हीएस म्हणतात, कधी कधी त्यात नीट कळलं नाही तर सोळाव्या आठवड्यानंतर पोटातलं पाणी काढून परत. आणि रिपोर्ट वाईट आला तर पाडायचं. कायद्यानं परवानगी आहे, घरात आधी बौद्धिक अक्षम मूल असेल तर अशी तपासणी करता येते, फॉर्म भरून सही करायची. मी मॅडमना विचारलं, मुलगा की मुलगी ते कळेल का, कारण आमच्या केसमध्ये त्यानं खरंच फरक पडतो. त्या म्हणाल्या नाही, ते तुम्हाला सांगता येत नाही, कायदाच आहे. कायदा कशासाठी आहे ते मला माहितीय, सांगली जिल्ह्यात राहून ते माहिती नसेल असं कोण आहे, म्हैसाळचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण सगळ्यांनी वाचलंय. त्यामुळं मी परत विचारलं नाही. पण म्हणजे फुल म्युटेशन आलं तर ती बऱ्यापैकी शहाणी होऊ शकणारी मुलगी आहे का दादूसारखा मुलगा, हे न कळता ठरवायचं.

ह्यांचं म्हणणं होतं एकदा करून बघू. मी पण जवळजवळ हो म्हणलेलं. एका रविवारी दादूची दाढी दाढी चाललेली, म्हणजे हे दाढी करताना त्याला पण गालाला फेस लावतात आणि तो आरशासमोर जाम खूश असतो, आणि ब्रश हातात तसाच धरून हे मला म्हणाले, असाच आला तर पाडायचं, असं ठरवून सुरुवात करायची, मला जमेल का सांगता येत नाही गं. बस एवढंच. मला पण जमलं नसतं असं नाही, मी खरं सांगते, मला कदाचित जमलं असतं. वेटिंगमध्ये भेटलेल्या एका ताईनं तेच केलं होतं आणि आता तिची धाकटी मुलगी दुसरीत आहे, हुशार आहे, ताई पण सुखी आहे. मी तिला एका शब्दानं नावं ठेवणार नाही. पण आमच्यातल्या एकाला जमणार नाही हे आधीच दिसत असताना ते पोटात वाढवायचं आणि मग चार आठवडे रिपोर्टची वाट बघायची, ते मला नको होतं.

त्यात ह्यांची नोकरी. नोकरी लागताना लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लिहून दिलेलं असतं, दोनच्या वर मूल झालं तर नोकरीवर गदा. म्हणजे आम्हाला चान्स एकच. दोन्ही पोरं अशी झाली तर तिसऱ्याचा प्रश्नच नाही.

आणि तो सगळ्यांचा आवडता मुद्दा, तुमच्यानंतर त्याला कोण? त्याला बघायला तरी एक पाहिजे. हे मला शेकडो लोकांनी सांगितलं असेल. दादूच्या शाळेत एक मुलगी भावाला सोडायला यायची, कॉलेजात होती, भाऊ तिच्याहून मोठा, वीसच्या पुढचा. मी तिला एकदा सहज म्हणलं, किती करतेस गं भावाचं. ती म्हणाली, काकू मला ह्याच्यासाठीच आणलंय ना. हसत म्हणाली, रागानं नाही. लहानपणापासून ऐकलेलं होतं तिनं, आणि आता स्थळं यायला लागली की पहिला प्रश्न हाच, भाऊ कुठं राहणार. ते ऐकल्यापासून "बघायला एक पाहिजे" कुणी म्हणलं की माझं डोकं फिरतं. अजून जन्माला नाही आलं ते आणि त्याची ड्युटी ठरली पण.

तर नाही ठरलं. नको. एका दिवसात नाही ठरलं, पण हळूहळू आम्ही "घेतला तर" असं बोलायचं बंद झालो.

मग ऑपरेशन, आणि इथं नवीनच तमाशा. माझी पाळी अशी, गोळ्या चालत नव्हत्या, तांबीनं अंगावरून जास्त जायचं. मी एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशनचं विचारायला गेले तर बाई फाईल बघून म्हणाल्या, एकच मूल, आणि ते पण असं, आधी एक चांगलं होऊ द्या मग या. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले सासूबाईंना घेऊन या. नियम बघितला तर एक मूल वर्षाच्या पुढचं असलं की पुरतं, आणि जोडीदाराची पण संमती लागत नाही, सासूची कुठनं लागायला. पण "असं" मूल त्यांच्या मोजणीत एक धरत नव्हते.

शेवटी हे म्हणाले मीच करून घेतो. बिनटाक्याची पुरुष नसबंदी. देशात लग्न झालेल्या जोडप्यांत बायकांची ऑपरेशनं ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के, २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला आकडा आहे, त्यामुळं उपजिल्हा रुग्णालयात ह्यांचं जावयासारखं स्वागत झालं. टार्गेट असतं त्यांना, पुरुष मिळतच नाहीत. आधार आणि पासबुकची झेरॉक्स घेतली, भूल फक्त तेवढ्या जागेला, वीसेक मिनिटांत बाहेर, दुपारी घरी. आरोग्य सेवकानं निघताना बजावून सांगितलं, लगेच लागू होत नाही, तीन महिने निरोध वापरा आणि मग वीर्य तपासून घ्या. बरेच जण ती तपासणी करतच नाहीत, आम्ही केली, शून्य आल्यावरच सोडलं. आत्यांना ह्यांनी सांगितलं हर्नियाचं आहे, मग शेजारच्या आशाताईनं बरोबर सांगून टाकलं. आत्या दोन दिवस रडल्या, की माझ्या लेकराला काप बसला, बायकोचं करायचं सोडून. दादू अठराचा झाला की कुणाला पालक करायचं ह्याच्यावर त्या इतक्या कधी रडल्या नाहीत, जे खरं काम पुढं उभं आहे.

ते काम असं आहे. अठरानंतर आईबाप आपोआप पालक राहत नाहीत, १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या लोकल लेव्हल कमिटीकडं अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. आम्ही गेल्यावर कोण, हे लिहून ठेवायला लागतं. जुन्या पेन्शनवाल्यांच्या मतिमंद मुलाला आईबापामागं तहहयात कुटुंब पेन्शन मिळते, आमचे हे नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले, म्हणजे जुन्या पेन्शनच्या बाहेर, त्यामुळं तो हिशोब वेगळा, दर महिन्याला थोडं थोडं दादूच्या नावानं बाजूला टाकतोय. निरामय विमा काढलाय, वर्षाला एक लाखापर्यंतचा, त्यात थेरपीचे पण काही पैसे मिळतात. ह्यांच्या चुलतभावाची बायको म्हणाली आम्ही आहोत की, आणि मी तिला म्हणलं अगं वहिनी, नुसतं आहोत नको, कमिटीच्या कागदावर सही करशील का सांग. ती म्हणाली ह्यांना विचारते. अजून विचारतेय.

बहिणीचं सांगायचं राहिलं. तिनं टेस्ट केली, तिचे ७० च्या घरात आहेत, म्हणजे धोका आहे पण माझ्याएवढा नाही. तिच्या नवऱ्याला तिनं स्वतः सांगितलं, सासूला नाही. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, दिवस गेलेत, पुण्याच्या त्याच मॅडमकडं सीव्हीएसची तारीख घेतलीय. मला म्हणाली ताई, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस. मी म्हणलं तारखेला येते सोबत, आणि येताना अण्णांच्या नावाची जुनी फाईल आण, मॅडमना लागते.